धडधड

एकदा एका धावपटू मुलीला तापाने गाठले. साधा वाटलेला तो ताप पार हृदयापर्यंत पोहोचला आणि जिल्ह्यात कायम पहिली येणारी ती मुलगी आठ महिने अंथरुणाला खिळली. पडल्या पडल्या छाती धडधडायची, धाप लागायची. एकदा तर घरच्यांनी आशाच सोडली होती. अखेर ती बरी झाली. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तपासून सांगितले, "आता बेलाशक धाव." तिने सराव सुरू केला, स्पर्धेत नावही दिले.

पण दोन फेऱ्या होऊन श्वास फुलला, की ती थबके आणि मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजू लागे. तिचे चित्त कशातच लागेना. घास हातातच राही; बसली की उठे, उठली की पुन्हा बसे. लहानपणापासून तिला शिकवणारे वृद्ध गुरुजी हे सारे पाहत होते.

स्पर्धेच्या दिवशी पहाटेच ती त्यांच्या दारात उभी राहिली.

"गुरुजी, माझे नाव मागे घ्या. कालही छाती तशीच धडधडली. आजार गेलेलाच नाही."

गुरुजी अंगणात आले. त्यांनी वहाणा काढल्या, धोतर वर खोचले आणि समोरच्या टेकडीच्या पायऱ्या धावत चढू लागले. पंचाहत्तर वर्षांचा माणूस!

"गुरुजी, अहो, हे काय करताय? थांबा!" ती घाबरून मागे धावली.

साठएक पायऱ्यांवर गुरुजी मटकन बसले. घामाने डबडबलेले मनगट त्यांनी तिच्यापुढे केले.

"बघ... नाडी."

"फार जोरात चालली आहे."

"म्हणजे मी आजारी?"

"नाही हो! एवढे धावलात, मग धडधडणारच की."

गुरुजींनी दम खाल्ला. मग शांतपणे म्हणाले, "पोरी, आजारात तुझे हृदय धडधडले ते पडल्या जागी. आता धडधडते ते तू धावतेस म्हणून. आवाज एकच असल्याने तू भ्यालीस. त्यात तुझा दोष नाही. जो मरणाच्या दारातून आला, तो प्रत्येक आवाजाला दचकतो. पण आता एवढेच सांग, माझ्यामागे साठ पायऱ्या चढून आलीस, तेव्हा तुझी नाडी किती होती?"

तिने नाडी मोजलीच नव्हती. तिचाही श्वास फुललेला होता. ते तिच्या ध्यानातच आले नव्हते.

दुपारी ती धावली. तिसऱ्या फेरीत छाती धडधडू लागली, पाय क्षणभर अडखळले. पण ती थांबली नाही. पाच जणी तिच्या पुढे निघून गेल्या. रेषा ओलांडून ती गवतावर आडवी झाली, तेव्हा गुरुजी जवळ येऊन वाकले.

"कसे वाटते?"

"दम लागलाय, गुरुजी," ती आभाळाकडे पाहत हसली. "छान दम लागलाय."