तांबटणीचा खोटा हार

येसू तांबटणीची भट्टी फोडायची, असं भोजगिरीच्या दरबारात जवळजवळ ठरलंच होतं. गुन्हा एवढाच, की राणीसाहेबांनी गळ्यातला सोन्याचा चंद्रहार काढून ठेवला आणि येसूचा तांब्याचा हार घातला.

येसू हंडे-घंगाळं ठोकणाऱ्या घरातली. उरल्यासुरल्या पत्र्याची ती पानं कापायची, ठोकून वळवायची आणि निखाऱ्यांवर धरायची. तापता तापता तांबं शेंदरी व्हायचं, जांभळं व्हायचं, मोरपंखी व्हायचं. हवा तो रंग दिसला रे दिसला, की ती पान बाजूला ओढायची. ना मीना, ना खडा. दोन पानं कधी सारखी निघत नसत, आणि गावातल्या बायकांना नेमकं तेच आवडे. सोनं घालून सगळ्या एकीसारख्या एक दिसून कंटाळल्या होत्या बिचाऱ्या.

दरबारी सराफ गुणाजीशेट यांच्यावर दुकानात माश्या मारत बसायची वेळ आली. त्यांनी धवलराव महाराजांचे कान भरले. रयत खोटे दागिने घालू लागली, उद्या राज्यालाही लोक खोटं म्हणतील! महाराज कानाचे हलके. येसूला लगोलग बोलावणं गेलं.

शेटजींनी तिच्या हाराचं एक पान चिमटीत धरून नाक मुरडलं. "हा रंग आहे की डाग?"

"डागच आहे, शेटजी," येसू म्हणाली. "डागाशिवाय डागिना होतो होय?"

दरबारी हसले. महाराज हसत नाहीत असं दिसताच सगळ्यांना एकदम खोकला आला.

"पुनवेला तांब्याचा एक हार घेऊन ये," महाराज म्हणाले. "तो खरा आहे असं आमच्या तोंडून निघालं, तर भट्टी तुझी. नाहीतर भट्टी फुटेल आणि तू राज्याबाहेर."

काहीही आणलं तरी खोटंच म्हणायचं, हे महाराजांनी मनाशी पक्कं केलं होतं. ते सगळ्या दरबाराला कळलं, येसूलाही कळलं. कुंपणच शेत खायला बसलं तर दाद मागायची कुणाकडे? घरी येऊन ती ढसाढसा रडली. त्या भट्टीशिवाय तिला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं. मग डोळे पुसले आणि भाता ओढायला बसली.

पुनवेला ती हार घेऊन दरबारात आली. महाराजांनी धड पाहिलंही नाही. "खोटा!"

येसूनं वाकून मुजरा केला. "महाराजांची नजर मोठी. हा तांब्याचा नाहीच. आत चोख सोनं आहे, वरून नुसता तांब्याचा देखावा केलाय."

सोनं म्हणताच महाराज सिंहासनावरून स्वतः खाली उतरले. शेटजींनी घाईघाईनं हार कसोटीवर घासला. रेघ लाल. मागून कानस मारली. आतही लाल.

"ही आपल्याला ठकवतेय, महाराज. सोन्याचा कण नाही यात!"

येसूनं खेदानं मान हलवली. शेटजींचं वय झालं, म्हणाली, आता त्यांना सोनंही ओळखू येईना. शेटजी संतापले. पण हाती आलेलं सोनं निसटलं म्हणून महाराज त्याहून संतापले. त्यांनी हार हिसकावला, एक पान वाकवून पाहिलं, बोटांचा वास घेतला आणि गरजले, "आम्हाला शिकवतेस? तांबं आहे हे! आरपार तांबं! आम्ही सांगतो, हा तांब्याचा खरा हार आहे!"

येसूनं हात जोडले. "भट्टी वाचवलीत, महाराज."



"पण ही भर दरबारात खोटं बोलली!" शेटजी ओरडले.

"बोलले की," येसू म्हणाली. "खोटी मी निघाले, हार खरा निघाला. शर्त हाराची होती, माझी नव्हती."

महाराज पगडी सरकेपर्यंत हसले. दरबाऱ्यांनी आधी नीट पाहून घेतलं, मग तेही हसले. हार राणीसाहेबांच्या महाली गेला. येसूला गाडीभर तांब्याचा पत्रा मिळाला. आणि शेटजींना हुकूम झाला, की दर बाजारी येसूच्या दुकानाबाहेर बसायचं, एकेक दागिना कसाला लावायचा आणि गिऱ्हाइकाला मोठ्यानं सांगायचं, "घ्या बाई, खरं तांबं आहे."