पारावर वाटलेली विद्या

एकदा एका सीमेवरच्या गावी एक वृद्ध वैद्य राहत असत. दोन राजांचे युद्ध पेटले होते. वैद्यांच्या रुग्णशाळेत दोन्हीकडचे जखमी शेजारी शेजारी निजत. कोण कोणाचा, हे विचारण्याची तिथे रीतच नव्हती. वाहते रक्त थांबवायला कुठली शीर कुठे दाबायची, ही वैद्यांच्या घराण्याची गुप्त विद्या होती. ती एका वेळी एकाच शिष्याला द्यायची, असा पिढ्यांचा दंडक. थोरल्या शिष्याला ती मिळाली होती. धाकटा बारा वर्षे औषधे कुटत आपल्या पाळीची वाट पाहत होता.

एके दिवशी वैद्य परगावी गेले असताना सैनिक आले. इथे बरा झालेला शत्रू उद्या पुन्हा लढेल, एवढ्याच कारणाने त्यांनी रुग्णशाळा पेटवली. थोरला निःशस्त्र, तरी दार अडवून उभा राहिला. त्या धैर्याला काय म्हणावे! पहिला वार त्याच्यावरच पडला. धाकट्याने आगीतून एकेका जखमीला ओढून बाहेर काढले. पण थोरला आणि दोन रुग्ण त्याच्या डोळ्यांदेखत रक्त वाहून मरण पावले, आणि त्याला काहीच करता आले नाही.

वैद्य परतले. तिघांना अग्नी दिला. दुसऱ्या सकाळी त्यांनी कुंभारीण, तेली, गुराखी, सगळ्या गावाला पारावर बोलावले आणि ती गुप्त विद्या सरसकट शिकवायला बसले!

धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारा वर्षांची तपश्चर्या अशी वाया गेलेली कुणाला रुचेल?

"गुरुजी, आता पाळी माझी होती! घराण्याचा ठेवा तुम्ही चव्हाट्यावर मांडलात?"

वैद्य शांतपणे म्हणाले, "घर त्यांनी जाळलं, पोर त्यांनी मारलं. ते पाप त्यांचंच, त्यातला कणही मी आपल्या माथी घेणार नाही. पण त्या वेळी तू तिथे होतास, अन् तुझे हात रिकामे होते. ते मीच रिकामे ठेवले होते. तुला ठाऊक असतं, तर ते तिघे कदाचित जगले असते. एकाच माणसापाशी ठेवलेली विद्या एका वारात मरते, बाबा. बस खाली. तूही शीक."

धाकटा खाली मान घालून कुंभारणीशेजारी बसला. तिने आपला दंड पुढे केला आणि म्हणाली, "दाब की जोरानं! लोण्याचा हाय व्हय?"

पावसाळा सरला. गावाने रुग्णशाळा पुन्हा उभी केली, आणि सैनिकही पुन्हा आले. या वेळी दारात धाकटा उभा होता. तलवार मांडीत शिरली आणि तो कोसळला. सैनिक निघून गेले तेव्हा त्याला शुद्ध होती. कुंभारीण गुडघे टेकून बसली होती, आणि तिचा मातीने राठ झालेला अंगठा नेमक्या जागी रुतला होता. रक्त थांबले होते. पलीकडे तेली एका जखमीवर वाकला होता, गुराखी दुसऱ्यावर.

"गुरुजी तिकडं एकाला बघत्यात," ती म्हणाली. "हाक मारू का त्यास्नी?"

"नको, काकू," धाकटा म्हणाला. "तुम्ही आहात ना."