भिवराबाईची वाकडी डोण

आधी ही भिंत बघा. हात लावून बघा, लाजू नका. दगडाला दगड असा भिडलाय की मधे नख शिरायचं नाही. आता वाका जरा आणि डोंगराच्या अंगाला खाली बघा. दिसलं भगदाड? त्यातूनच झरा बाहेर येतो. आणि त्यासमोर ही दगडी डोण, रानातल्या जनावरांना पाणी प्यायला. एका बाजूनं कललेली, काठ वेडावाकडा, नव्या सुनेची पहिली भाकर असावी तशी. पाणी त्या खालच्या काठावरून सांडत राहतं. एवढी भिंत बांधणाऱ्यानं ही डोण घडवली असेल का? नाही जी. तेच तर सांगायचं आहे.

मी कवडू. ही भिंत बांधणाऱ्या डोमाजी बेलदाराच्या घराण्यातला. गुडघ्यांनी दगा दिला, दगडाचं काम सुटलं, म्हणून पाहुण्यांना झरा दाखवतो. सकाळी जंगलात वाघ दिसला नाही म्हणून तुमची तोंडं उतरलीत, ते मला कळतं. असू द्या. या कोसरी नदीच्या काठावरची आमची गावं वाघानं नाही तगवली. ज्यानं तगवली, त्याचा फोटो काढायला कोणी येत नाही.

फार जुनी गोष्ट. सलग तीन वर्षं पाऊस रुसला, असं सांगतात. कोसरीच्या पात्रातून म्हणे बैलगाड्या चालायच्या. सगळं आटलं, हा एक झरा तेवढा राहिला. सकाळी बायका घागरी भरत, दिवस कलला की चितळ, रोही, रानडुकरं येत. डुकरांची जात तुम्हाला ठाऊक आहे, प्यायली की लोळणारच. चिखल व्हायचा. शेवटी मालगुजारानं, म्हणजे गावाच्या जमीनदारानं, हुकूम काढला, झऱ्याला चारी बाजूंनी भिंत घाला, दार लावा, जनावर आत येता कामा नये.

काम डोमाजीकडे आलं. त्याच्या हाताला तोड नव्हती बाप्पा! "डोमाजीच्या जोडात मुंगी रांगत नाही," असं दहा गावं म्हणायची, आणि त्यालाही ते ऐकायला गोड लागायचं. झऱ्याच्या पाण्यात हात बुडवून तो सगळ्यांसमोर बोलला, "या भिंतीत कोणाले फट दिसली तर हातोडा खाली ठेवीन. जन्मात पुन्हा हात लावणार नाही."

त्याची बायको भिवराबाई त्याच्या हाताखाली दगड वाहायची. ती म्हणाली, "अवो, खाली एक फट ठेवा ना जी. पाण्याले यायले वाट लागते, अन् त्या मुक्या जिवांचाही वाटा आहे."

डोमाजी हसला. "दगड वाहून कोणी गवंडी होते का?"

झालं. बाईनं टोपली उचलली.

त्यानं पाया खडकापर्यंत नेला. खणताना चारी बाजूंनी ओल लागली. ओलीनं पाया खचेल म्हणून त्यानं ती जिथं तिथं चुन्यानं ठासून बुजवली. चुन्यात गूळ घातला, बेलफळाचा गर घातला. शेवटचा थर चढवताना एक दगड निसटला आणि भिवराच्या पायावर आला. पाय गेला तो गेलाच. पण भिंत अशी झाली की मालगुजारानं तिच्यावरून हात फिरवला आणि डोमाजीच्या खांद्यावर शेला घातला.

त्या संध्याकाळी जनावरं आली. भिंतीला नाक लावून उभी राहिली आणि परत गेली. गावाला बरं वाटलं, म्हणे. माणसाचं असंच असतं.

आठव्या दिवशी आतलं पाणी गुडघ्याखाली आलं. पंधराव्या दिवशी नुसता गाळ उरला. कोणी म्हणालं देवी कोपली, कोणी म्हणालं जनावरांचा शाप लागला. खरं काय ते एकट्या डोमाजीला कळलं होतं. झऱ्याची शीर त्यानंच घातलेल्या भिंतीच्या पायाखाली चिणली गेली होती. पण अंगावर मानाचा शेला, कसं म्हणायचं की पाणी मी मारलं? चार दिवस तो गप्प राहिला. त्या चार दिवसांत गावानं गाव सोडायचं ठरवलं. बैल मेले होते, जायचं ते पायीच. आणि भिवराला तर उभंही राहता येत नव्हतं. घरात एक तांब्या पाणी होतं.

उद्या पहाटे निघायचं ठरलं, तेव्हा त्यानं तिला सांगितलं. रडला म्हणे लहान लेकरासारखा. "मी तुले सोडून जात नाही. आपण दोघंही इथंच मरू."

भिवरा भडकली. "मरायची काय हौस आहे? मले काहून सांगता? गावाले सांगा! अन् पहार उचला."

"शीर कुठं आहे तेच मले माहीत नाही. चारही बाजू बुजवल्या मी. सारी भिंत पाडायले महिना लागन."

"मग एका बाजूनं पाडायले लागा," ती म्हणाली. "बसून तर पाणी येत नाही."

फटफटताना तो पहार घेऊन इथं आला, आणि बघतो तो काय! डोंगराच्या अंगाला भिंतीखाली मातीचा ढीग. त्यात काळे-पांढरे काटे पडलेले. सायाळ! तुम्ही साळिंदर म्हणता ती. किती रात्री उकरत होती कोण जाणे, पायाच्या दगडापर्यंत बीळ नेलं होतं. दगडावर तिच्या नखांचे ओरखडे, ओरखड्यांत रक्त. डोमाजी पालथा पडला, बिळात खांद्यापर्यंत हात घातला. हात ओला होऊन बाहेर आला.

निघालेल्या गावाला त्यानं हाका मारून बोलावलं. सगळे गोळा झाल्यावर शेला काढून खाली ठेवला. "पाणी मी मारलं," म्हणाला, "अन् या सायाळीनं शोधलं." आणि आपल्याच भिंतीत पहार घातली. तिसऱ्या घावाला पायाचा दगड हलला, सुटला, आणि पाणी असं उसळलं की पुढे उभ्या माणसांची धोतरं भिजली. बाया रडत होत्या, हसत होत्या. घागरी घेऊन सगळे धावले, तर डोमाजी आडवा आला. पळसाच्या पानाचा दोना केला, भरला आणि त्या मातीच्या ढिगापाशी ठेवला. दुसरा दोना घेऊन तो घराकडे पळाला. मग गाव प्यायलं.

बोलला तसा वागला माणूस. फट दिसली, हातोडा त्या भगदाडापाशी खाली ठेवला, पुन्हा शिवला नाही. मालगुजारानं विनवलं, गावानं विनवलं, पण नाही म्हणजे नाही. मग भगदाडातून बाहेर येणारं पाणी जनावरांसाठी साठवायला डोण कोण घडवणार? भिवराबाईनं तो हातोडा उचलला. जन्मभर दगड वाहिलेली बाई, घडवला एकही नव्हता. पांगळा पाय पसरून इथंच बसायची. डोमाजी शेजारी बसून सांगायचा, "थोडा डाव्या अंगाले," आणि ती म्हणायची, "दगड वाहा तुम्ही." दोन पावसाळे लागले म्हणतात.

आमच्या घराण्यात एकाहून एक हात होऊन गेले. डोण सरळ करायची कोणाची छाती झाली नाही, आणि इच्छाही. त्या कललेल्या काठावरून सांडतं ते पाणी खाली लहान जीव पितात. ज्यांचं तोंड वर पोचत नाही, त्यांचं तेवढ्यानं भागतं.

आजही कोसरीच्या काठावर घर बांधतात तेव्हा जोतं पुरं व्हायच्या आधी गवंडी हातोडा खाली ठेवतो आणि आपल्या बायकोला बोलावून सगळ्यांदेखत विचारतो, "फट कुठं ठेवू?" ती बोट दाखवेल तिथला एक दगड कमी. साप येतो म्हणून आता लोक तिथं जाळी लावतात, पण बुजवत कोणी नाही. मीही विचारलं होतं. आमच्या सायत्रानं चुलीमागची जागा दाखवली होती. ती जाऊन सहा वर्षं झाली. हिवाळ्यात तिथून असा गार वारा येतो की पोरं म्हणतात, बाबा, सिमेंट भरून टाकू. मी म्हणतो, मी आहे तोवर नाही, आणि मी गेल्यावर तुमच्या बायकांना विचारा.

घ्या, हा दोना. भरून आधी तिकडं सायाळीच्या त्या मातीच्या ढिगापाशी ठेवा. मग तुम्ही प्या.