शुद्ध प्रत

“...मग पाठभेद म्हणजे काय, सांग बघू?” केशवगीर बाबांनी विचारलं.

मंजिरी सरसावून बसली. असले प्रश्न म्हणजे तिच्या हातचा मळ. कॉलेजात सुवर्णपदक काय उगाच मिळालं होतं!

“एकाच ओळीची निरनिराळ्या पोथ्यांतली निरनिराळी रूपं, बाबा. त्यातलं एक खरं. बाकी लिहिणाऱ्यांच्या चुका.”

“अस्सं.”

तिनं आपली प्रत पुढे सरकवली. मठातल्या पदांच्या दोन जुन्या पोथ्या दोन वर्षं डोळे फोडून ताडल्या होत्या, तेव्हा कुठे ही एक निघाली होती. आता बाबांनी ती कपाळाला लावली की भरून पावले.

बाबांनी पानाच्या कडेवरून नुसतं बोट फिरवलं.

“समास नाही सोडलास?”

“चूकच उरली नाही, तर दुरुस्तीला जागा कशाला?”

“आणि जुन्या पोथ्या?”

“आज पहाटेच डोहात सोडल्या. शुद्ध प्रत झाली की जीर्ण पोथी बुडवायची, ही मठाचीच रीत ना?” मंजिरीला हसू आवरेना. “पहिलीत ‘दिवा लावुनी वाट पाहावी’. आणि दुसरीत चक्क ‘दिवा मालवुनी निजून जावे’! कुठल्या अडाण्यानं लिहिलं, देव जाणे.”

“मी.”



“म्हणजे... दुसरी?”

“दोन्ही. पहिली लिहिली ती पारूसाठी. तिचा लेक बोटीवर कामाला गेला होता.”

“आणि दुसरी?”

“तीही पारूसाठीच. बारा वर्षांनी.”

...

तेवढ्यात पायरीवर काठी वाजली. एक म्हातारी चाचपडत आत आली आणि खांबाला टेकून बसली.

“आज सोमवार न्हाई का, बाबा? माझी दिव्याची वळ ऐकल्याबिगर डोळ्याला डोळा लागत न्हाई.”

“पारू, आज ही पोर वाचेल.”

“वाच गं माय.”

मंजिरीनं प्रत उघडली. तिच्याच वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड नसलेली ती ओळ समोर आली. दिवा लावुनी वाट पाहावी.

म्हातारी कान देऊन बसली होती.

मंजिरीनं प्रत मिटली.

“दिवा मालवुनी...” तिनं आठवून म्हटलं. “निजून जावे.”

“निजते गं बाई, निजते.” पारूनं पदरानं डोळे टिपले, मंजिरीच्या गालावरून खरखरीत हात फिरवला आणि काठी टेकत निघून गेली.

मंजिरीला मान वर करवेना.

“बाबा, ती पोथी मी... माझ्या हातानं...”

बाबांनी कोरा कागद पुढे ठेवला. दौत ठेवली.

तिनं झडप घालून टाक उचलला. “दोन्ही ओळी लिहिते. आत्ता लिहिते, बाबा.”

बाबांनी तिचं मनगट धरलं.

“आधी समास आख.”