घाणेरीतली मुंगूसबाई

खूप वर्षांमागे एका वस्तीच्या मधोमध एक बाग होती, पण नावालाच. झोपाळे गंजलेले आणि घाणेरीची झुडपं माणसाच्या उंचीची. त्या झुडपांत एक मुंगूसबाई नुकतीच व्याली होती. माणसं जिथे फिरकतच नाहीत, तिथल्याइतकं निवांत बाळंतपण आणखी कुठे मिळणार?

एका सकाळी सगळी वस्ती कोयते, घमेली घेऊन बागेत शिरली.

"पळ गं बाई," साळुंकी वरून ओरडली. "आज बाग साफ करणार म्हणे. साफ म्हणजे तूही त्यात आलीस!"

डोळेही न उघडलेली पिल्लं घेऊन पळणार कुठे? कोयते जवळ आले. झुडपाचा शेवटचा कोपरा उरला, तेव्हा मुंगूसबाईने एक पिल्लू तोंडात धरलं आणि बाहेर डोकं काढलं. समोरच कोयता उगारून शकूमावशी उभ्या. अख्ख्या वस्तीत त्यांच्याएवढा मोठा आवाज कुणाचा नव्हता.

मावशींचा हात हवेतच थांबला. "अगं बाई, बाळंतीण आहे इथे!" त्या चक्क कुजबुजल्या. "कोयते खाली ठेवा. कुणाकडे जुनं लुगडं आहे का?"

कुणीतरी धावत जाऊन लुगडं आणलं. बाळंतिणीच्या खोलीला लावतात तसा त्याचा पडदा झुडपाला लागला. पलीकडे खड्डे खणले जात होते, रोपं लागत होती, पण साधं घमेलंही वाजत नव्हतं. पोरं तोंडावर बोट ठेवून चवड्यांवर चालत होती.

साळुंकीही अलगद खालच्या फांदीवर येऊन बसली. मुंगूसबाई फटीतून बघतच राहिली. मग तिने तोंडातलं पिल्लू हळूच खाली ठेवलं आणि त्याला पाजायला घेतलं.