देवकाबाईची वाकळ आणि एकतिसावं घर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची म्हणाल, तर शेंदूरटेकावर तेव्हा चहा पोचला नव्हता, पाहुण्याला गूळपाणी देत. गावात मोजून एकतीस घरं होती. त्यातल्या एका घरात देवकाबाई राहायची. नवरा केरबा, मुलगा शिरपा, थोडं रान, दोन बैल, एक म्हैस. खाऊनपिऊन सुखी माणसं. पण देवकाबाईला एक वेड होतं, वाकळ शिवायचं.

आता वाकळ कोण शिवत नाही? जुनी लुगडी, जुनी धोतरं एकावर एक अंथरायची, वर रंगीत तुकडे लावायचे आणि काठापासून आत आत टाके घालत यायचं. पण बाकीच्या बाया थंडीसाठी शिवत, देवकाबाई हौसेसाठी शिवायची. भर उन्हाळ्यात घाम पुसत शिवायची. तव्यावर भाकरी करपायची आणि ही अंगणात तुकड्याशेजारी तुकडा ठेवून, मान तिरकी करून बघत बसायची. तिच्या अंबाड्यात सुई कायम खोचलेली असे आणि त्या सुईला कधी गंज चढला नाही, असं म्हणतात.

साऱ्या गावाला ती वाकळ शिवून द्यायची. बदल्यात काय, तर एखादा तुकडा. बाजाराला गेली, माहेरी गेली, कुणाच्या लग्नाला गेली, तरी येताना पदरात चिंध्या. एकदा टेकाईच्या जत्रेत सगळे पालखी बघत होते आणि ही बघत होती पुढच्या बाईच्या पदरावरची फुलं. त्या बाईच्या मागोमाग चार कोस चालत तिच्या गावाला गेली आणि फुलांचा तुकडा घेऊनच परतली. इकडे केरबा जत्राभर बायको शोधत फिरला.

"लोकं जत्रेतनं बत्तासं आनत्यात," तो म्हणायचा, "आमच्या हिनं मुलखाच्या चिंध्या आनल्या." म्हणायचा खरा, पण थंडी पडली की पहिला तोच वाकळेत शिरायचा.

तिच्या वाकळेखाली झोपलं की ताप उतरायचा, असं म्हणतात. डोळे मिटून कापडावर बोट फिरवलं की ते कुणाच्या अंगावरचं हे ती सांगायची, असंही म्हणतात. "हे रानात राबनाऱ्याचं. ह्याच्यात लेकरू वाढलंय. आन् ह्याला डोळं पुसलेत गं कुनीतरी." तुम्हाला खोटं वाटत असेल तर थोडं सोडून द्या, पण बरंचसं धरा.

तर अशा बोटाला कळणाऱ्या बाईचं एकदा बोट चुकलं.

तिची थोरली जाऊ येसाबाई. दोघींची घरं भिंतीला भिंत लागून, पुढचा सोपा दोघींचा. येसाबाईची आई वारली तेव्हा तिचं एक हिरवं लुगडं, लाल काठाचं, येसाबाईनं ठेवून घेतलं होतं. ती ते नेसायची नाही. वर्षातून एकदा सोप्यातल्या वळणीवर वाऱ्याला टाकायची आणि पुन्हा घडी घालून पेटीत ठेवायची. त्या वर्षी नेमकं त्याच दिवशी शेजारणींनी देवकाबाईसाठी जुनेरं आणून त्याच वळणीवर टाकली. देवकाबाईच्या डोक्यात दोन दिवस एक नक्षी घोळत होती आणि तिला मधे हिरवा रंग हवा होता. समोर हिरवं दिसलं. बोट फिरवलं नाही, कुणाला विचारलं नाही. टर्रकन फाडलं.

वाकळ अशी झाली, की बघायला वाड्या-वस्त्यांवरून बाया आल्या. मधोमध हिरवा चौक, भोवती लाल काठाची चौकट. येसाबाईही बघायला आली. ती वाकून काठावरून हात फिरवत राहिली आणि मग म्हणाली, "माजी आई फाडलीस तू."

देवकाबाईला चूक तिथंच कळली. तेव्हाच ती 'चुकलं गं' म्हणाली असती, तर गोष्ट इथंच संपली असती आणि मी घरी जाऊन झोपले असते. पण भोवती बाया होत्या, कौतुक चाललं होतं. माणसाची जीभ अशा वेळी भलतीकडे वळते. ती म्हणाली, "जुनेरच हुतं की, जाऊबाई. एवढं काय घेऊन बसलाय?"

दुसऱ्या दिवशी सोप्याच्या मधोमध मातीची भिंत उभी राहिली. येसाबाईनं स्वतः चिखल तुडवून घातली. मग बारा वर्षं दोन्ही घरांत दिवाळी झाली, संक्रांत झाली, तिळगूळ काही भिंतीपलीकडे गेला नाही. ती वाकळ देवकाबाईनं अंथरली नाही, कुणाला दिलीही नाही, फळीवर ठेवून दिली. तिला वाईट वाटत होतं, फार वाटत होतं. पण जितके दिवस गेले तितकं तोंड उघडणं जड होत गेलं.

ह्याच बारा वर्षांत शिरपाचं लग्न झालं. सून आली, गजरा नावाची. गुणाची पोर, सासू-सुनेचं पटायचंही. पण तिला मूल लाभेना. तीन बाळं झाली आणि तिन्ही बाराव्या दिवशी, पाळण्यात घालायच्या आधी गेली. तिन्ही वेळा त्या सकाळी एक अनोळखी बाई दारात पाणी प्यायला आली होती, हे गजराला मागाहून आठवलं. चौथ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा ती सासूच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आत्याबाई, हे बी गेलं तर मी बी न्हाई ऱ्हायची."

गावची सुईण म्हातारी होती, जाणती होती. ती म्हणाली, "बाळाला मागून आनलेल्या कापडात गुंडाळा. घरोघरचा तुकडा जोडा. मग ते एका घरचं ऱ्हात न्हाई, साऱ्या गावाचं हुतं. साऱ्या गावाचं कोन कसं नेईल? पन एक बी घर सोडू नगासा. सुटलं, तर तिथनं बाळ उघडं पडंल."

देवकाबाई निघाली. आयुष्यभर हौसेनं तुकडे मागितले होते, आता पदर पसरून मागितले. कुणी धोतराचा दिला, कुणी खणाचा, कुणी मुंडाशाचा. आपलं धरून तीस घरं झाली. एकतिसावं घर भिंतीपलीकडे होतं.

तिच्या पायांना तो उंबरा चढवेना. शेवटी चढली. येसाबाई जोंधळा पाखडत होती, तिनं मान वर केली नाही.

"जाऊबाई, नातवासाठी मागाय आलेय," देवकाबाई म्हणाली. "चिंधी चालंल."

"माज्याकडं फाडाय काय न्हाई," येसाबाई म्हणाली. "हुतं ते तू नेलंस."

देवकाबाई परत फिरली, घरी आली आणि फळीवरची वाकळ खाली काढली. अंगणात उन्हात पसरली, अंबाड्यातली सुई काढली आणि सुईच्या टोकानं टाका उसवला. मग दुसरा. तिच्या आयुष्यातली सगळ्यात देखणी वाकळ ती उसवत होती. दोरा तोडायचा नाही, कापडाला ओरखडा लागू द्यायचा नाही. केरबा येऊन शेजारी बसला. त्या दिवशी त्यानं थट्टा केली नाही, निघालेला दोरा काडीवर गुंडाळत राहिला. सात दिवस गुंडाळला. तो दोरा एवढा झाला की गावाला एकतीस वेढे बसले असते, असं म्हणतात.

मग हिरवे तुकडे तिनं एकमेकांना जोडले. फाटल्या लुगड्याला आपण दंड घालतो तसे, फक्त एक नव्हे, शंभर दंड. धुतलं, वाळवलं, घडी घातली आणि पुन्हा तो उंबरा चढली. लुगडं येसाबाईच्या पुढ्यात ठेवलं.

"चुकलं माजं," ती म्हणाली. "त्याच दिवशी कळलं हुतं. तोंड उचकटलं न्हाई."

येसाबाईनं लुगडं उचललं, छातीशी धरलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. तुकडा काही दिला नाही. देवकाबाई दारात थोडा वेळ थांबली. तुकडा मिळाला नव्हता आणि तरी तिला बारा वर्षांत पहिल्यांदा हलकं वाटलं, असं म्हणतात.

बाळ झालं. मुलगी. देवकाबाईनं तीस तुकड्यांची वाकळ तयार ठेवली होती, पण एकतिसाव्याची जागा तिनं तशीच सोडली होती. आपल्या घरचा आणखी एक तुकडा लावून भोक बुजवता आलं असतं. सुनेनं सुचवलंही. देवकाबाई म्हणाली, "दुसऱ्याच्या जागी आपलं लावायचं न्हाई, बाई. एकदा केलंय ते."

बारावा दिवस उजाडला. कडाक्याची थंडी, रांजणातल्या पाण्यावर साय धरावी तसं बर्फ धरलेलं. ऊन आलं तशी देवकाबाई बाळाला वाकळेत गुंडाळून अंगणात बसली. गजरा तिच्या पायाशी. आणि तेव्हा ती बाई आली. अंगावर कोरं करकरीत लुगडं, त्याला एकही टाका नाही. लांबून आलेली, पण पावलांना धूळ नाही.

तिनं पाणी मागितलं नाही. वाकळेकडे बघितलं आणि विचारलं, "हे मूल कुणाचं?"

गजरानं वाकळेची कड घट्ट धरली. तेवढ्यात समोरच्या घरातून आवाज आला, "आमचं!" धोतराचा तुकडा त्या घरचा होता. मग वरच्या आळीतून आला, "आमचं!" मग विहिरीवरून, गोठ्यातून, मळणीच्या खळ्यावरून. तीस घरांतून तीस वेळा. लांबच्या वस्तीपर्यंत त्या बाईचा आवाज कसा पोचला, हे मला विचारू नका. पोचला, असं म्हणतात.

ती बाई गोंधळली. पण जाणती होती. तिनं वाकून वाकळ नीट बघितली. मोकळ्या राहिलेल्या जागेतून बाळाची इवलीशी टाच बाहेर आली होती.

"आणि ही टाच कुणाची?" तिनं विचारलं.

सगळं गाव गप्प झालं. देवकाबाईनं टाचेवर हात ठेवला, तर टाच गार पडत चाललेली. तिनं भिंतीकडे बघितलं. हाक मारायचा हक्क आपल्याला नाही, हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं हाक मारली नाही.

पलीकडच्या दाराची कडी वाजली. येसाबाई बाहेर आली. अंगावर आईचं हिरवं लुगडं होतं, शंभर दंडांचं. आयुष्यात पहिल्यांदा ती ते नेसली होती.

"आमची हाय," ती म्हणाली. "का गं? तुला काय करायचंय?"

आणि तिथं उभ्या उभ्या तिनं पदराचं टोक दातात धरलं आणि टर्रकन फाडलं. लाल काठासकट. खाली बसून तो तुकडा बाळाच्या टाचेवर धरला आणि देवकाबाईला म्हणाली, "बघत काय बसलीस? सुई काढ की."

टाके पडले तशी टाच ऊन होत गेली. मान वर करून बघतात, तर अंगणात कुणी नाही. ती बाई टेकावरून पलीकडे उतरून गेली आणि पुन्हा शेंदूरटेकावर आली ती फक्त म्हाताऱ्यांसाठी, असं म्हणतात. बाळ मोठमोठ्यानं रडायला लागलं आणि तिघी बायाही रडायला लागल्या. केरबानं त्याच दुपारी कुदळ घेऊन सोप्यातली भिंत पाडली. पुढे कितीतरी वर्षं दोघी जावा एका वाकळेच्या दोन कडांना बसून शिवायच्या. येसाबाईचे टाके वाकडे पडायचे आणि देवकाबाई ते कधी उसवायची नाही. दोघी मिळून जत्रेला जायच्या आणि दोघी मिळून हरवायच्या. ती पोर तर पतवंडं खेळवण्याइतकी जगली.

आता शेंदूरटेकावर दोनशेच्या वर घरं आहेत. तरी मूल व्हायचं असलं की घरोघर तुकडा मागतात. तुकडे नखाएवढे झालेत. त्यात गाऊन असतो, शाळेचा गणवेश असतो, कुणाची जीन्स असते, आणि जीन्सला सुई मोडते म्हणून बाया नावं ठेवतात. जुनं कापड फाडण्याआधी दारात उभं राहून "हे कुणाचं?" असं मोठ्यानं तीनदा विचारतात. घरात एकटी असली तरी बाई विचारते आणि क्षणभर थांबते.

आणि बाळाच्या वाकळेत एक जागा मोकळी ठेवतात. तिला देवकाची जागा म्हणतात. ज्या घराशी बोलणं तुटलंय, त्या घरचा तुकडा तिथं लागतो, आणि तो बाराव्या दिवसाच्या आत आणावा लागतो. ह्यामुळे गावात भांडणं होत नाहीत असं मुळीच नाही. बांधावरून होतात, पाण्यावरून होतात, मागच्या महिन्यात तर कोंबडीवरून झालं. पण घरात पाळणा हलायच्या आधी बाळाची आजी चपला घालते आणि निघते. कुठं जायचं, हे तिला कुणी सांगावं लागत नाही.