वाकड्या बाणाची निवड

माझं शुद्धलेखन कच्चं आणि शब्द साधे. चुकलं तर पदरात घ्या, पण गोष्ट ऐका.

सरदार रायाजीरावांचा बाण रानडुकराऐवजी बाभळीत घुसला. सगळ्या शिकारी मंडळींसमोर ते बाण घडवणाऱ्या सटवाजीवर कडाडले, "तुझा बाणच वाकडा! डोक्यावर लिंबू ठेवून उभा राहा. तुझाच बाण सोडतो. सरळ असला तर लिंबू उडेल, नाहीतर तू!"

सटवाजीनं डोक्यावर लिंबू ठेवून हात जोडले. "सरकार, बाण तेवढा मला निवडू द्या."

तो एकेक बाण नखावर फिरवून पाहू लागला. सरळ बाण गुमान फिरतो, वाकडा थरथरतो. सरळ निघाले ते सगळे त्यानं बाजूला ठेवले. शेवटी त्यानं शेकून सरळ करायचा राहिलेला एक बाण पुढे केला.

"मूर्खा, हा तर वाकडा आहे!"

"होय सरकार. सरळ बाण तुमचा हात धाडील तिथंच जातो, आणि हात कुठं धाडतो ते बाभळीनं पाहिलंय. वाकडा निदान चुकून तरी लिंबाला लागेल."

मग सरदारांच्या मिशा हलल्या आणि धनुष्य खाली आलं. "काढ ते लिंबू, लेका."

दुसऱ्या दिवशी सकाळी सटवाजी निखाऱ्यावर बाण शेकायला बसला. तो एक मात्र त्यानं वाकडाच राहू दिला आणि दारावर खोचला.